ड्रिल बिट : निवड, वापर आणि धार

कुठल्याही वर्कशॉपमधल्या भंगाराच्या डब्यात हात घालून टाकून दिलेले ड्रिल बिट बाहेर काढा आणि उजेडात धरा. खऱ्या अर्थाने झिजलेले बिट त्यात फार थोडे असतील. बहुतेकांचं टोक निळं-काळं पडलेलं असेल, धारेचे बाहेरचे कोपरे गोल झालेले असतील आणि उरलेले मधोमध मोडलेले असतील. म्हणजे बिट झिजून संपत नाहीत, जळतात किंवा मोडतात. जळण्याचं कारणही बहुधा एकच असतं. फेरे जास्त आणि दाब कमी पडला की धार धातूत शिरत नाही, वरच्या वर घासत राहते. घासण्यातून उष्णता वाढते, पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरतं आणि मऊ पडलेली धार आणखी घासायला लागते. हे चक्र सुरू झालं की अर्ध्या मिनिटात चांगला बिट निकामी होतो.

म्हणून बिट विकत घेताना, मशीनवर लावताना, धार लावताना आणि ठेवतानाही एकच प्रश्न विचारायचा : या दोन धारांचा आकार टिकेल का आणि त्यांचं पाणी टिकेल का? पुढचं सगळं त्या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी टोक ओळखा

१० मिमीचा एक नवा बिट घ्या आणि टोक वर करून खिडकीपाशी धरा. मधून दोन बाजूंना उतरणाऱ्या दोन सरळ कडा दिसतील. त्या कापणाऱ्या धारा. त्यांना जोडणारी मधली छोटी तिरकी रेषा म्हणजे चिझल एज. ही रेषा कापत नाही, धातू चिरडून बाजूला ढकलते. भोक पाडताना आपण जो जोर लावतो त्यातला निम्म्याहून अधिक जोर बहुतेक वेळा ही मधली रेषाच खाते. मोठ्या बिटासाठी आधी बारीक भोक का पाडतात, याचं उत्तर इथे आहे.

आता धारेच्या मागचा भाग बघा. तो धारेपासून मागे उतरत गेलेला हवा, साधारण ८ ते १५ अंशांनी. हा उतार नसेल तर धार टेकायच्या आधी मागची टाच, म्हणजे या भागाची मागची कड, धातूवर टेकते आणि कितीही दाबलं तरी बिट पुढे सरकत नाही. उतार फार जास्त असेल तर धारेला मागून आधार राहत नाही, तिचे कपचे उडतात.

दोन्ही धारांमधला कोन हा तिसरा मुद्दा. सर्वसाधारण बिटाला तो ११८ अंशांचा असतो. कठीण धातू आणि स्टेनलेससाठी १३५ अंशांचा चपटा कोन चांगला, आणि अशा बिटांच्या चिझल एजला बहुधा दोन्ही बाजूंनी खाच मारून ती कापती केलेली असते. याला स्प्लिट पॉइंट म्हणतात. असा बिट पृष्ठभागावर भरकटत नाही, जागच्या जागी पकड घेतो. हाताच्या मशीनने लोखंडावर काम करणाऱ्याने एकदा स्प्लिट पॉइंट वापरून बघावा. मला विचाराल तर हाताच्या मशीनसाठी मी दुसरा घेणारच नाही.

बिटाभोवती पिळत जाणाऱ्या खाचेच्या, म्हणजे पन्हळीच्या, कडेने वर जाणारी अरुंद चकचकीत पट्टी असते, ती मार्जिन. भोकाचं माप हीच पट्टी ठरवते. बिटाचं माप घ्यायचं तर व्हर्नियर टोकाजवळ, या दोन पट्ट्यांवर लावायचा. दांड्यावर माप घेऊ नये, कारण बिट टोकाकडून दांड्याकडे किंचित बारीक होत जातो. बिटाच्या पोटातला गाभा, म्हणजे वेब, मात्र उलट दांड्याकडे जाडजूड होत जातो. धार लावून लावून बिट आखूड झाला की चिझल एज लांबलचक का होते, हे यावरून कळेल. त्यावर उपाय पुढे येईलच.

पिळाच्या बिटाचं पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये घेतलं. त्याआधीच्या चपट्या बिटांना भोकातला कीस बाहेर काढता येत नसे. पन्हळीचं मुख्य काम तेव्हापासून तेच आहे : कीस बाहेर आणि तेल आत. पन्हळ किसाने भरली की बिट भोकातच अडकतो आणि मोडतो. बारीक बिट सर्वांत जास्त याच कारणाने मोडतात.

बिट कशाचा घ्यावा

साधं कार्बन स्टील धातूकामासाठी घेऊच नये. दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचं पाणी उतरायला लागतं, आणि लोखंडात भोक पाडताना धारेपाशी तेवढी उष्णता सहज तयार होते. लाकडासाठी तो चालतो.

धातूकामाचा पाया म्हणजे हाय स्पीड स्टील, एचएसएस. सुमारे ६०० अंशांपर्यंत ते आपला कडकपणा टिकवून धरतं. सर्वांत जास्त वापरात असलेल्या एम२ या प्रकारात साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मोलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असतं. घर असो वा छोटं वर्कशॉप, दहातली आठ कामं चांगल्या एचएसएस बिटाने होतात.

स्टेनलेस किंवा कडक पोलाद नेहमी येत असेल तर कोबाल्ट मिसळलेलं एचएसएस घ्या. एम३५ मध्ये ५ टक्के कोबाल्ट असतं, एम४२ मध्ये ८ टक्के. उष्णतेला ते जास्त टिकतात, पण ठिसूळही जास्त असतात. हाताच्या मशीनवर मनगट जरा तिरकं झालं तरी कोबाल्टचा बारीक बिट कटकन मोडतो. त्यामुळे कोबाल्टचा बिट शक्यतो पिलर ड्रिलवर (खांबावर बसवलेल्या उभ्या मशीनवर), जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, व्हाइसमध्ये पकडूनच वापरावा. अखंड कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कठीण पण ठिसूळ पदार्थाच्या, बिटाबद्दल तर एवढंच : मजबूत, न हलणारं मशीन नसेल तर तो विकत घेऊ नका.

आता सोनेरी रंगाबद्दल, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे होते. टायटॅनियम नायट्राइडचं खरं आवरण सोनेरी असतं आणि त्याने घर्षण आणि झीज दोन्ही कमी होतात. पण ते आवरण काही मायक्रॉन जाडीचं असतं. पहिल्यांदा धार लावली की धारेच्या मागच्या बाजूचं निघून जातं, पन्हळीतलं तेवढं राहतं. आणि आतलं पोलाद हलकं असेल तर वरच्या सोनेरी रंगाने त्यात काहीही फरक पडत नाही. सोनेरी हलका बिट आणि बिनआवरणाचा चांगला बिट समोर असतील तर डोळे झाकून दुसरा उचला. अॅल्युमिनियमसाठी तर गुळगुळीत पन्हळीचा, आवरण नसलेला बिटच उत्तम, कारण त्याला धातू कमी चिकटतो.

दुकानात बिट हातात घेतल्यावर चार गोष्टी तपासता येतात. दांड्यावर माप आणि पोलादाचा प्रकार कोरलेला आहे का ते वाचा. अगदी बारीक बिटांवर जागा नसते, पण ५-६ मिमीच्या बिटावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो परत ठेवा. मग टोक समोर धरून दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आहेत का आणि चिझल एज बरोबर मध्यावर आहे का ते पाहा. काचेच्या काउंटरवर बिट लोळवा, वाकडा असेल तर टोक डोलताना लगेच दिसतं. शेवटी मार्जिनवरून नख हलकेच फिरवा. सपाट, एकसारखी लागली पाहिजे, खरबरीत किंवा कपचे गेलेली नको.

सेट की सुटे

१ ते १० मिमी, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढणारा १९ बिटांचा सेट हा सर्रास घेतला जाणारा पर्याय. सुरुवातीला तो ठीक आहे. पण त्यात एक मोठी उणीव आहे, ती आटे पाडायची वेळ आली की कळते. टॅपसाठी, म्हणजे भोकात आटे पाडणाऱ्या हत्यारासाठी, लागणारी बरीचशी मापं अर्ध्या मिलिमीटरच्या पायरीत बसत नाहीत.

हिशोब सोपा आहे. बोल्टच्या मापातून आट्यांचं अंतर, म्हणजे पिच, वजा करा. एम६, म्हणजे ६ मिमीच्या बोल्टची, पिच १ मिमी, म्हणून भोक ५ मिमीचं. एम३ ला २.५, एम४ ला ३.३, एम५ ला ४.२, एम८ ला ६.८, एम१० ला ८.५ आणि एम१२ ला १०.२. यातले ३.३, ४.२, ६.८ आणि १०.२ तुमच्या सेटमध्ये नसण्याची शक्यता मोठी. ४.२ ऐवजी ४ ने भागवलं तर टॅप घट्ट जातो आणि आतच मोडतो. मोडलेला टॅप काढण्याचा त्रास ज्याने घेतला आहे तो ४.२ चा बिट वेगळा जपून ठेवतो.

बोल्ट आरपार जाण्यासाठीच्या भोकांची मापं वेगळी : एम४ ला ४.५, एम५ ला ५.५, एम६ ला ६.६, एम८ ला ९, एम१० ला ११.

माझा सल्ला असा की एक मध्यम सेट घ्या आणि त्याच्या जोडीला तुमच्या कामात खरोखर येणारी पाच-सहा मापं चांगल्या प्रतीची, सुटी, दोन-दोन किंवा तीन-तीन नग घ्या. ३ मिमीच्या आतले बिट तर डझनाच्या पाकिटातच घ्यावेत, ते मोडणारच. शंभर नगांचा स्वस्त सेट घेण्यात शहाणपण नाही. त्यातली सत्तर मापं तशीच पडून राहतात आणि रोज लागणारी पाच पहिल्या महिन्यातच संपतात.

लांबीकडेही लक्ष द्या. आपण नेहमी वापरतो तो जॉबर लांबीचा बिट. ६ मिमीचा असेल तर एकूण ९३ मिमी लांब. त्याच मापाचा आखूड, स्टब लांबीचा बिट ६६ मिमीचा येतो. भोक खोल नसेल तर आखूड बिट कमी लवचतो, कमी भरकटतो आणि कमी मोडतो. पत्र्याच्या आणि पट्टीच्या कामाला तो फार सोयीचा आहे. आणि १३ मिमीच्या वर नेहमी जायचं असेल तर चकात, म्हणजे मशीनच्या आवळायच्या जबड्यांत, पकडायच्या सरळ दांड्यापेक्षा मशीनच्या स्पिंडलमध्ये थेट बसणारा मोर्स टेपर दांड्याचा बिट घ्यावा. तो चकात घसरण्याचा प्रश्नच येत नाही.

धातूशिवायच्या कामांबद्दल थोडक्यात. लाकडाला मधे अणकुचीदार टोक असलेला ब्रॅड पॉइंट, सपाट तळाच्या मोठ्या भोकाला फोर्स्टनर. काँक्रीटला कार्बाइडचं टोक असलेला मेसनरी बिट, आणि हॅमरसाठी, म्हणजे फिरता फिरता ठोकणाऱ्या मशीनसाठी, खाचा असलेल्या एसडीएस दांड्याचा. टाइलवर हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर टाइल तडकते. पातळ पत्र्यात साधा पिळाचा बिट तिकोनी भोक पाडतो आणि शेवटच्या क्षणी पत्रा हिसकतो, म्हणून तिथे पायऱ्यांचा स्टेप ड्रिल वापरा किंवा पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून मग भोक पाडा.

फेरे ठरवणं

इथे अंदाजाने काम करणारे सर्वांत जास्त बिट जाळतात. बिटाची कड धातूवरून दर मिनिटाला किती मीटर सरकते, तो खरा वेग. एचएसएस बिटासाठी साध्या पोलादावर तो २५ ते ३० मीटर धरतात, बिडावर (कास्ट आयर्नवर) २० ते २५, स्टेनलेसवर १० च्या आसपास, पितळेवर ५० च्या जवळपास, अॅल्युमिनियमवर ६० आणि त्याहून पुढे. हा वेग ३१८ ने गुणायचा आणि बिटाच्या मिलिमीटरमधल्या मापाने भागायचा, की मिनिटाचे फेरे मिळतात.

साध्या पोलादात २५ मीटरच्या हिशोबाने ३ मिमीच्या बिटाला सुमारे २६५० फेरे, ५ मिमीला १६००, १० मिमीला ८००, १२ मिमीला ६६०. हाच १० मिमीचा बिट स्टेनलेसवर लावला तर फक्त ३२० च्या आसपास. हाताचं मशीन साधारण अडीच-तीन हजार फेऱ्यांचं असतं. त्यावर १० मिमीचा बिट लावून खटका पूर्ण दाबला तर काय होणार, हे या आकड्यांवरून दिसतंच. वेग बदलता येणारं मशीन घ्या आणि मोठ्या बिटाला खटका अर्धाच दाबा. हे आकडे एका पुठ्ठ्यावर लिहून मशीनच्या मागे चिकटवून ठेवा. फेरे बदलायला पिलर ड्रिलचा पट्टा बदलायचा कंटाळा येतो हे खरं, पण तो दोन मिनिटांचा कंटाळा बिटाचं आयुष्य ठरवतो.

प्रत्यक्ष भोक

आधी जॉब बांधा. हातात धरलेला पत्र्याचा तुकडा बिटाने पकडला की पात्यासारखा गरगर फिरतो. हातमोजे घालून फिरत्या ड्रिलजवळ जाऊ नका. मोजा अडकला तर बोटही ओढलं जातं. लांब बाह्या वर, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा, आणि चकाची चावी चकातून काढलेली.

खूण केली की सेंटर पंच मारा. पंचाचा खड्डा चिझल एज आत बसेल एवढा हवा. मोठ्या बिटाला नुसता टिंब पुरत नाही. चक घट्ट करताना चावी एकाच भोकात न फिरवता तिन्ही भोकांत आलटून पालटून आवळा, पकड तिन्ही जबड्यांवर सारखी येते. एका बाजूने आवळलेल्या चकात बिट घसरतो, दांड्यावर चरे पडतात आणि पुढच्या वेळी तो आणखी घसरतो.

८-१० मिमीच्या वरच्या भोकासाठी आधी बारीक भोक पाडावं, पण ते किती बारीक, हा प्रश्न महत्त्वाचा. ते मोठ्या बिटाच्या चिझल एजच्या लांबीएवढं किंवा किंचित मोठं असावं, जास्त नाही. १२ मिमीच्या बिटाला ३ मिमीचं पुरतं. बरेच जण ५, मग ८, मग १०, मग १२ असं चढत जातात. त्यात मोठ्या बिटाचे फक्त बाहेरचे कोपरे काम करतात, आणि बिटाचा सर्वांत नाजूक भाग तोच. स्प्लिट पॉइंट असेल तर मध्यम मापांना हे बारीक भोकही लागत नाही.

दाब ठाम आणि सलग हवा. धार चावली पाहिजे. स्टेनलेसमध्ये तर हा नियम अटळ आहे. त्यात बिट एका जागी नुसता फिरत राहिला की त्या जागेचा पृष्ठभाग कडक होतो आणि मग दुसरा नवा बिटसुद्धा त्यावरून घसरतो. स्टेनलेसमध्ये फेरे कमी, दाब जास्त, तेल भरपूर, आणि थांबायचं असेल तर बिट उचलूनच थांबायचं.

भोकाची खोली मापाच्या तिप्पट झाली की अधूनमधून बिट पूर्ण बाहेर काढा, पन्हळीतला कीस ब्रशने झटका, तेल द्या आणि पुन्हा आत घाला. पलीकडे निघायच्या बेतात आलं की दाब सैल करा. मशीनचा आवाज बदलतो, त्यावरून ते कळतं. त्या क्षणी धार अपुऱ्या धातूत अडकते आणि बारीक बिट तिथेच मोडतात. खाली लाकडाचा तुकडा ठेवला तर हा हिसका कमी होतो आणि पलीकडच्या कडेला उठणारे काटे, म्हणजे बर्र, तेही कमी होतात.

तेलाबद्दल : पोलादाला कटिंग ऑइल किंवा पाण्यात मिसळून दुधासारखं होणारं सोल्युबल ऑइल. अॅल्युमिनियमला पातळ तेल, नाहीतर धातू धारेला चिकटून गोळा होतो. बीड कोरडंच, कारण त्याचा चुरा तेलात कालवला की दळण्याच्या पेस्टसारखा बिटालाच घासतो. पितळही बहुधा कोरडं चालतं. तापलेला बिट मात्र पाण्यात बुडवू नका. अचानक थंड झाल्याने धारेत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. मेसनरी बिटाला हे आणखी घातक, त्याचं कार्बाइडचं टोक जिथे जोडलेलं असतं तिथे तडा जातो.

काम चालू असताना नजर किसावर ठेवा. साध्या पोलादात दोन्ही पन्हळींतून सारख्या जाडीच्या दोन गुंडाळ्या निघत असतील तर सगळं जागेवर आहे. एकाच बाजूने कीस येतोय म्हणजे एकच धार कापतेय, दुसरी आखूड आहे किंवा तिचा कोन वेगळा आहे, आणि भोक मापापेक्षा मोठं होणार. पोलादातून गुंडाळीऐवजी बारीक भुगा पडायला लागला तर धार बोथट झाली किंवा दाब अपुरा आहे. कीस निळा पडतोय म्हणजे फेरे जास्त किंवा तेल कमी. किंचाळण्यासारखा आवाज आला की लगेच थांबा आणि टोक बघा. पुढच्या दहा सेकंदांत कोपरे जातील, आणि मग धार लावताना तीन-चार मिलिमीटर बिट फुकट घालवावा लागेल. वेळेवर थांबलात तर अर्ध्या मिलिमीटरवर भागतं.

धार लावणं

हे हाताने शिकता येतं आणि शिकावंच. शिकायला १० ते १२ मिमीचे जुने बिट घ्या, कारण त्यांचं टोक डोळ्यांना स्पष्ट दिसतं. ३ मिमीच्या आतल्या बिटांमागे वेळ घालवू नका. मधल्या मापांसाठी धार लावायचं छोटं मशीन किंवा जिग मिळतं, ते वापरण्यातही काही कमीपणा नाही.

एचएसएससाठी बेंच ग्राइंडरवर अॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक, ६० ते ८० ग्रिटचं. चाकाचा पृष्ठभाग सपाट हवा. मधे खोलगट झालेल्या चाकावर सरळ धार येणं शक्य नाही, म्हणून आधी ड्रेसर फिरवून ते सपाट करा. टेकूची पट्टी चाकापासून ३ मिमीच्या आत ठेवा. चष्मा लावा, चाक सुरू करताना समोर उभे न राहता बाजूला राहा. आणि या चाकावर अॅल्युमिनियम कधीही घासू नका. ते चाकाच्या छिद्रांत भरतं आणि चाक फुटण्याचा धोका असतो.

सुरू करण्याआधी मार्कर पेनाने टोकाच्या दोन्ही उतरत्या बाजू काळ्या किंवा निळ्या रंगवा. ही छोटी गोष्ट शिकणाऱ्याला सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण चाक नेमकं कुठे लागलं ते पुसलेल्या शाईवरून दिसतं.

डाव्या हाताची तर्जनी टेकूवर ठेवा आणि बिट तिच्यावर टेकवा, टोकापासून दोनेक सेंटिमीटर मागे. उजव्या हाताने दांडा धरा. वरून पाहताना बिट चाकाच्या दर्शनी पृष्ठभागाशी ५९ अंशांत हवा, म्हणजे ११८ चा निम्मा. टेकूवर त्या कोनाची एक रेघ आखून ठेवली की काम सोपं. बिट असा फिरवा की कापणारी धार आडवी, चाकाला समांतर येईल. दांडा टोकाच्या पातळीत किंवा किंचित खाली. टोकापेक्षा वर कधीच नको.

आता धार हलकेच चाकाला टेकवा आणि दांडा सावकाश खाली न्या. टोक जागेवर, दांडा खाली. या हालचालीने धारेपासून टाचेपर्यंतचा उतार घासला जातो. बिट स्वतःभोवती पिळायची गरज नाही. नवशिक्या माणसाचा हात इथे पिळतो आणि दुसरी धार चाकाला लागून खराब होते. दोन-तीन हलके हात मारा, मग हातांची ठेवण अजिबात न बदलता बिट अर्धा फेरा फिरवा आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच हात मारा. दाबून घासू नका. बिट बोटांना गरम लागला की थांबा आणि हवेत गार होऊ द्या.

मग तपासणी. कोनासाठी ५९ अंशांचा गेज मिळतो. तो नसेल तर दोन सारखे षटकोनी नट सपाट बाजूला सपाट बाजू लावून टेबलावर ठेवा. त्यांच्यामध्ये जी खाच तयार होते ती बरोबर १२० अंशांची असते, आणि ११८ अंशांचं टोक तिच्यात जवळजवळ नेमकं बसतं. दोन्ही धारांची लांबी पट्टीने मोजा. कोन सारखे पण लांबी वेगळी असेल तर चिझल एज मध्यावरून सरकते आणि भोक मोठं होतं. कोनच वेगळे असतील तर सगळा भार एका धारेवर येतो. चिझल एज धारेच्या रेषेशी साधारण १२० ते १३५ अंशांत तिरकी दिसायला हवी.

मागचा उतार पुरेसा आहे का हे बघायला पुन्हा शाई लावा, बिट पोलादाच्या तुकड्यावर हाताने दाबून एक-दोनदा फिरवा आणि टोक बघा. शाई फक्त धारेच्या कडेला खरडली गेली असेल तर काम झालं. टाचेकडची शाई पुसली गेली असेल तर उतार कमी आहे, पुन्हा चाकावर जा. सरतेशेवटी भंगारातल्या पट्टीवर एक भोक पाडा. दोन सारख्या गुंडाळ्या निघाल्या की झालं.

पुष्कळदा धार लावून आखूड झालेल्या बिटाचा वेब जाड होतो, चिझल एज लांब होते आणि जोर जास्त लागतो. चाकाच्या धारदार कोपऱ्याने दोन्ही पन्हळींच्या टोकाशी मधला भाग सारखा घासून ती नव्या बिटाइतकी आखूड करा. हात नाजूक लागतो. एका बाजूला जास्त घासलं गेलं तर टोक मध्य सोडतं.

पितळेसाठी दोन-तीन बिट वेगळे ठेवणं मला अत्यावश्यक वाटतं. पिळामुळे धार पितळेत स्वतःहून शिरते, बिट एकदम आत ओढला जातो आणि जॉब हिसकतो. उपाय असा : ऑइल स्टोन बिटाच्या अक्षाशी समांतर धरून धारेच्या पुढच्या, पन्हळीकडच्या बाजूवर हलकेच चालवा, पाव-अर्धा मिलिमीटर रुंदीची सपाट पट्टी तयार होईपर्यंत. आता धार खोदत नाही, खरवडते. अॅक्रिलिकसाठीही हेच बिट चालतात. त्यांच्या दांड्यावर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे पोलादाच्या बिटांत मिसळणार नाहीत.

मेसनरी बिटाचं कार्बाइड साध्या चाकावर घासलं जात नाही. त्याला हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं किंवा डायमंडचं चाक लागतं.

ठेवणं

सगळे बिट एकाच डब्यात टाकणं म्हणजे धार लावून ती एकमेकांवर आपटणं. कठीण पोलाद कठीण पोलादावर आदळलं की कोपऱ्यांचे कपचे उडतात. लाकडाच्या ठोकळ्यात मापाची भोकं पाडा, बाजूला माप लिहा आणि बिट दांडा खाली, टोक वर असे उभे ठेवा. टोक वर असलं की धार गेलेला बिट आपोआप नजरेस पडतो. बोथट बिटांसाठी वेगळा खण ठेवा. काम संपल्यावर बोथट बिट पुन्हा ठोकळ्यात गेला तर पुढच्या माणसाचा जॉब बिघडतो.

ठेवण्याआधी कीस झटका, सोल्युबल ऑइलचं पाणी पुसून टाका आणि तेलाचा हलका हात फिरवा. घामट बोटांचे ठसेसुद्धा मार्जिनवर गंज धरायला पुरतात. दमट हवेत वर्षातून एक-दोनदा सगळे बिट काढून तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावेत. दांड्यावर चकात घसरल्याच्या खुणा, उठलेले काटे असतील तर ते बारीक कानशीने घासून सपाट करा. नाहीतर बिट चकात तिरका बसतो आणि टोक डोलतं, मग धार कितीही चांगली असो, भोक मोठंच पडतं.

मोडलेला बिट लगेच फेकू नका. पन्हळ पुरेशी शिल्लक असेल तर तुटलेला भाग चाकावर सपाट करून नवं टोक द्या आणि वेब बारीक करा, पत्र्याच्या कामाला उत्तम आखूड बिट तयार होतो. टोक निळं पडलेल्या एचएसएसचंही तसंच. निळा भाग पूर्ण घासून मागचं स्वच्छ पोलाद लागेपर्यंत जा आणि तिथे धार लावा. मार्जिन मात्र वरपर्यंत घासली गेली असेल, बिट भोकात घट्ट होऊन अडकत असेल, तर मार्जिन शाबूत आहे तिथपर्यंत तो कापावा लागतो. तेवढी लांबी उरत नसेल, किंवा बिट वाकलेला असेल, तर तो भंगारात टाका.